ट्रेसिंग पेपरची कैफियत

गेल्या मे महिन्यात आमच्या भागातल्या एका सभागृहात मुलांच्या हस्तकलेची स्पर्धा होती. आमच्या वरच्या मजल्यावरचा तेरा वर्षांचा मुलगा ओरिगामीच्या विभागात उतरला होता. त्याने केला होता एक भुंगेरा. सहा पाय, दोन मिशा, डोक्यावर दुभंगलेले शिंग आणि पाठीवर मिटलेले पंख. सगळे एका चौकोनी कागदातून, कात्री न लावता आणि डिंकाचे बोटही न लावता. अकरा संध्याकाळ तो त्यावर बसला होता. परीक्षकांनी भुंगेरा हातात घेतला, उलटा केला, पायांची टोके न्याहाळली, "छान" म्हणाले आणि मग तो उजेडाकडे धरून विचारले, "हा कागद कुठला?"

"ट्रेसिंग पेपर," मुलगा म्हणाला.

झाले. भुंगेरा मधल्या टेबलावरून उचलला गेला आणि 'स्पर्धेबाहेर' अशी चिठ्ठी लावून मागच्या बाकावर ठेवला गेला. मी पुढे झालो. परीक्षकबाई सभ्य होत्या. म्हणाल्या, "काका, मुलाचा हात चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नियमपत्रिकेत 'ओरिगामीचा कागद' असं स्पष्ट लिहिलंय. ट्रेसिंग पेपर हा नकाशे काढायचा कागद. उद्या कुणी पत्रावळीची ओरिगामी आणली तर तीही घ्यायची का आम्ही?"

पत्रावळीची ओरिगामी कुणी आणली तर ती जरूर घ्यावी आणि आणणाऱ्याला पहिले बक्षीसही द्यावे, असे माझे मत आहे. परंतु ते मला तेथे सुचले नाही. माझ्यासारख्याला उत्तरे नेहमी घरी परतताना, रिक्षात बसल्यावर सुचतात. ती आता, फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकांसमोर मांडतो. न्याय तुम्ही करावा.

आधी माझा हितसंबंध सांगून टाकतो. मी १९७१ साली ड्राफ्ट्समन म्हणून बोर्डावर बसलो आणि निवृत्त होईपर्यंत माझ्या पोटाला ट्रेसिंग पेपरनेच अन्न घातले. संगणक आले, बोर्ड अडगळीत गेले, आणि गुंडाळ्या रद्दीत निघाल्या. त्यांतली एक मी रीतसर परवानगी काढून घरी आणली. वरचा मुलगा वहीच्या कागदावर भुंगेऱ्याशी झटत होता, कागद फाटत होता आणि मुलगा रडकुंडीला येत होता. तेव्हा त्या गुंडाळीतला ताव मीच त्याला कापून दिला. म्हणजे स्पर्धेच्या नियमाप्रमाणे गुन्हेगार मी, आणि शिक्षा झाली ती त्याला.

आता पहिला आक्षेप घेऊ. हा 'ओरिगामीचा कागद' नव्हे! मग ओरिगामीचा कागद म्हणजे कोणता? दुकानात त्या नावाने मिळतात ते पंधरा सेंटिमीटरचे चौकोन, एक बाजू रंगीत आणि एक पांढरी. पक्षी, बेडूक, टोपी करायला ते झकास. परंतु सहा पायांचा भुंगेरा? प्रत्येक पाय, प्रत्येक मिशी म्हणजे कागदातून ओढून काढलेले एकेक लांब टोक. त्या प्रत्येक टोकासाठी चौकोनात आपापली जागा राखून ठेवावी लागते. अमेरिकेतले रॉबर्ट लँग हे पदार्थवैज्ञानिक त्यासाठी कागदावर वर्तुळे मांडतात, एका टोकाला एक वर्तुळ. पंगतीत पानांसाठी जागा आखावी तशी ही आखणी. नऊ-दहा पाने मांडायची म्हणजे पंगतीला ओसरी हवी; पंधरा सेंटिमीटरच्या पाटावर ती बसत नाही. म्हणून अशा अवघड आकृत्या करणारे देशोदेशीचे लोक दुकानातला तो चौकोन सहसा वापरतच नाहीत. कुणी दोन झिरझिरीत कागद खळीने एकमेकांवर चिकटवून घेतात, कुणी ॲल्युमिनियमच्या वर्खाला दोन्ही बाजूंनी झिरझिरीत कागद लावतात, कुणी स्वतः लगदा करून कागद गाळतात. थोडक्यात, या कलेतले दिग्गज स्वतःच्या गरजेचा कागद स्वतः शोधतात. आमच्या मुलाने तेच केले, तर तो स्पर्धेबाहेर!

"पण जपानी परंपरा?" असे कुणी म्हणेल. जपानी हातकागदापुढे मी हात जोडतो. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीतले लांब तंतू त्यात असतात, आणि २०१४ साली युनेस्कोने त्या कागद करण्याच्या कारागिरीला मानवजातीच्या वारशात स्थान दिले ते योग्यच झाले. परंतु परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी ती परंपरा जरा नीट पाहावी. हिरोशिमावर १९४५ साली बाँब पडला तेव्हा सादाको सासाकी ही मुलगी दोन वर्षांची होती. १९५५ साली ती रक्ताच्या कर्करोगाने रुग्णालयात पडली आणि कागदाचे क्रौंच पक्षी घडू लागली. कागद मिळेना तेव्हा तिने औषधांच्या पुड्यांचे कागद घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती गेली. तिच्या आठवणीने हिरोशिमात १९५८ साली मुलांचे स्मारक उभे राहिले आणि आजही जगभरची मुले तेथे क्रौंचांच्या माळा पाठवतात. औषधाच्या पुडीचा कागद हा 'ओरिगामीचा कागद' नव्हे, असे त्या स्मारकापुढे उभे राहून म्हणण्याची कुणाची छाती आहे?

आणि ज्यांना आधुनिक ओरिगामीचे पितामह म्हणतात ते अकिरा योशिझावा कोण होते? १९११ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणी एका कारखान्यात कामगार होता आणि पुढे तेथेच ड्राफ्ट्समन झाला. हाताखालच्या पोरांना भूमिती शिकवायची म्हणून तो कागदाच्या घड्या घालू लागला. १९३७ साली नोकरी सोडली, वर्षानुवर्षे दारोदार खाद्यपदार्थ विकून पोट भरले. पण घडी सोडली नाही. १९५४ साली त्याचे पुस्तक आले आणि त्यातली तुटक रेषांची व बाणांची खूणलिपी थोड्या फेरफाराने आज जगभरची पुस्तके वापरतात. ती खूणलिपी पाहिली की मला माझा बोर्ड आठवतो. ती ड्राफ्ट्समनची भाषा आहे हो! नकाशे काढणाऱ्या माणसाने जी कला नव्याने उभी केली, त्या कलेच्या दारातून नकाशाच्या कागदाला हाकलून देणे म्हणजे घरधन्यालाच अंगणात उभे करण्यासारखे आहे.

आपल्या देशातही हे नवे नाही. १८९३ साली मद्रासेत टी. सुंदरराव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक काढले. ते त्यांना सुचले बालवाडीच्या मुलांसाठी निघणाऱ्या रंगीत चौकोनांच्या एका संचावरून. पुढे फेलिक्स क्लाइन यांच्यासारख्या जर्मन गणितज्ञाने त्या पुस्तकाची दखल घेतली. खेळण्यातला कागद घेऊन सुंदररावांनी भूमिती उभी केली. कागदाचे कुळ त्यांनी विचारले नाही.

हा झाला परंपरेचा भाग. आता खुद्द कागदाकडे येऊ, कारण माझी खरी फिर्याद तेथे आहे.

घरात चकल्या तळल्या असतील, तर त्याखाली पसरलेला कागद उचला आणि तेलाचा डाग उजेडाकडे धरा. डागातून उजेड आरपार येतो. का? कागद पांढरा दिसतो तो त्यातल्या हवेमुळे. तंतू आणि त्यांच्यामधल्या बारीक पोकळ्या यांच्या सीमेवर उजेड इतक्यांदा विखुरतो की पलीकडचे दिसत नाही. तेलाने पोकळ्या भरल्या की विखुरणे थांबते. चांगला ट्रेसिंग पेपर मात्र तेलाशिवाय हेच साधतो. त्याचा लगदा इतका वेळ कुटतात, घोटतात, की तंतू चिरडून फुगतात, एकमेकांना घट्ट बिलगतात आणि मध्ये हवेला जागाच उरत नाही.

हवा गेली म्हणजे जाडीही गेली. अवघड घडीकामात सगळा खेळ जाडीचा असतो. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. भुंगेऱ्याच्या पायात बत्तीस पदर आले, तर पायाची जाडी झाली ३.२ मिलिमीटर, तो पाय नव्हे, लाकडाचा ओंडका. चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम वजनाचा पातळ ट्रेसिंग पेपर ०.०४ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याचे बत्तीस पदर म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या थोडे वर. शिवाय हा कागद कडक. एकदा घातलेली घडी तो विसरत नाही. आणि गुंडाळीतून येतो, म्हणून हात-दीड हात बाजूचा चौकोन सहज निघतो. कुणा सामान्य घरातल्या मुलाला परदेशातून कागद मागवल्यावाचून असा चौकोन मिळेल काय?

परंतु मी या कागदाचा कैवार घेतो तो जाडीसाठी नव्हे, तर त्याच्या आरपार दिसण्यासाठी. अवघड आकृतीचा घड्यांचा नकाशा असतो. उभ्या, आडव्या, तिरक्या शेकडो रेषा. साध्या कागदावर त्या मोजून, अंदाजाने पाडाव्या लागतात. ट्रेसिंग पेपरखाली तो नकाशा ठेवा, कडेने चिकटपट्टी लावा आणि हाडाच्या पट्टीने रेषा दाबून घ्या. कागदावर पेन्सिलीचा डागसुद्धा पडत नाही. कागद उलटला तरी रेषा दिसतच राहते, म्हणून डोंगरघडी आणि दरीघडी यांचा गोंधळ होत नाही. कोपरा रेषेवर आणायचा असेल तर वरच्या पदरातून खालची रेषा डोळ्यांना दिसते. इटलीच्या मार्गेरिता बेलोक या गणितज्ञ बाईंनी १९३६ साली दाखवून दिले की, दोन बिंदू एकाच घडीत दोन रेषांवर नेता आले तर घनसमीकरण सुटते. म्हणजे पट्टी आणि कंपासने जी कोडी सुटत नाहीत ती एका घडीत सुटतात. हे पुस्तकात वाचायला सोपे आहे. अपारदर्शक कागदावर ते दोन बिंदू दोन रेषांवर एकाच वेळी बसवून पाहा म्हणजे कळेल. तो निव्वळ आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ होतो. ट्रेसिंग पेपरवर ते समोर दिसते.

या सुट्टीत मुलांना घेऊन एक गंमत करा. ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर खालच्या बाजूला एक सरळ रेषा काढा आणि तिच्या वर तीन-चार बोटांवर एक ठिपका. मग कागद असा दुमडा की ठिपका रेषेवर येऊन बसेल. घडी नखाने दाबा, उलगडा. पुन्हा दुमडा, ठिपका रेषेवर दुसऱ्या जागी आणा. असे पंचवीस-तीस वेळा करा. घड्या सगळ्या सरळ. पण त्यांच्या मधून एक डौलदार वक्ररेषा उमटलेली दिसेल. उडवलेला चेंडू ज्या वाटेने खाली येतो तीच ही रेषा. शाळेत तिला अन्वस्त म्हणतात. आणि ती दिसते पांढरीशुभ्र, कारण घडीच्या जागी चिरडलेले तंतू पुन्हा सुटतात, त्यांच्यात हवा शिरते आणि उजेड विखुरू लागतो. चकलीखालच्या कागदाची गोष्ट येथे उलटी घडते.

आता दुसरा आक्षेप: हा कागद फाटतो, पाण्याने आकसतो, डाग धरतो. अगदी मान्य! मी त्याच्याशी आयुष्यभर संसार केला आहे. त्याच्या खोडी मला शिकवू नका. ओढायला तो बळकट, पण काठाला एवढीशी चीर असली तर सर्रकन फाटत जातो. म्हणून कापताना नवे ब्लेड वापरावे. एकच घडी चार वेळा इकडची तिकडे केली की ती तडकते. जाड, नव्वद ग्रॅमचा नकाशाचा ताव तर अवघड आकृतीला घेऊच नये. मुंबईच्या पावसात संध्याकाळी बोर्डावर ताणून लावलेला ताव सकाळी लाटांसारखा फुगलेला आणि मापाला चुकलेला आम्ही पाहिला आहे. योशिझावांनी शोधलेली, कागद ओलसर करून आकाराला गोलाई आणण्याची पद्धत या कागदावर चालतच नाही. पाण्याचा हात लागला की तो सुरकुततो. हत्तीची सोंड किंवा माणसाचा चेहरा मऊ वळणांनी घडवायचा असेल, तर दुसरा कागद घ्या. मी काही ट्रेसिंग पेपरचा दुकानदार नाही.

परंतु यातल्या ज्या खोडीला लोक सर्वांत जास्त नाके मुरडतात, ती माझ्या मते त्याची थोरवी आहे. चुकीची घडी त्यावर पांढरी रेष होऊन कायमची राहते. आमच्या हेड ड्राफ्ट्समनची एक सवय होती. नकाशा पुढे ठेवला की ते तो वाचत नसत. आधी उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरत. चुकलेली शाईची रेघ आम्ही ब्लेडने खरवडून काढलेली असे. ती जागा उजेडात लगेच दिसे. ते रागावत नसत. त्या जागेवर बोट ठेवून एवढेच विचारत, "इथं काय झालं होतं?" मग सांगावे लागे. त्या एका प्रश्नाने आम्हांला जेवढे शिकवले तेवढे कुठल्या वर्गाने शिकवले नाही.

आमच्या मुलाचा भुंगेरा मी घरी तसाच उजेडाकडे धरला होता. डाव्या मागच्या पायापाशी तीन पांढऱ्या रेषा जास्तीच्या होत्या. मी विचारले, "इथं काय झालं होतं?" तो म्हणाला, "आजोबा, तिथं दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा समजलं की आधी आतला पदर बाहेर काढायला हवा होता." जाड रंगीत कागदात या तीन रेषा गडप झाल्या असत्या. मला दिसल्या नसत्या, परीक्षकांना दिसल्या नसत्या आणि वर्षभराने त्याला स्वतःलाही आठवल्या नसत्या. ज्या परीक्षकांनी भुंगेरा उजेडाकडे धरला, त्यांच्यापुढे मुलाच्या अकरा संध्याकाळी उघड्या पुस्तकासारख्या होत्या. त्यांनी त्यातला फक्त कागदाचा प्रकार वाचला.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा. म्हणे, हा कागद बेरंगी, कळकट दिसतो. हे आक्षेपक दिवाळीत कधी मान वर करून पाहत नाहीत काय? चार कामट्या, खळ आणि पतंगाचा कागद यांचा आकाशकंदील दिवसा उन्हात कसा दिसतो? अगदीच बापुडवाणा! त्याची शोभा दिवसा मोजायचीच नसते. तिन्हीसांजेला आत दिवा लागला की तोच कागद घरावर राज्य करतो. ट्रेसिंग पेपरच्या घडीकामामागे दिवा ठेवा. एक पदर असेल तेथे दुधी उजेड, चार असतील तेथे मधासारखा, सोळा असतील तेथे गडद सावली. आकृतीचा सांगाडाच डोळ्यांपुढे उभा राहतो. समोरच्या बाजूने जो भुंगेरा दिसतो, त्याच्या पोटातला दुसरा भुंगेरा तेव्हा दिसतो. रंगीत कागदाला हे जन्मात जमायचे नाही.

नाचता येईना त्याने अंगणाला नावे ठेवली तर एक वेळ समजू शकते. येथे नाचणाऱ्याचे पाय बिनचूक पडले आणि पाहणाऱ्यांनीच अंगण वाकडे ठरवले! आणि याचा परिणाम काय झाला तेही सांगतो. मुलगा रडला नाही, भांडला नाही. घरी येऊन त्याने उरलेले ताव नीट गुंडाळले आणि खाली आणून मला परत दिले. म्हणाला, "आजोबा, खरा कागद मिळाला की करीन." त्याची आई धुणीभांडी आटोपून दुपारी शिवणकाम करते. खरा कागद त्या घरात केव्हा यायचा? जून गेला, जुलै गेला, गणपती येऊन गेले. वरून कागदाची सळसळ ऐकू आली नाही. एका ओळीच्या नियमाने ही करामत केली. तो नियम लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी मान्य करतो. परंतु जातीपातीचे कित्येक नियमही असेच, मनात काही वाईट न ठेवता पाळले गेले. कागदाला तरी आपण जात चिकटवू नये.

म्हणून प्रदर्शने भरवणाऱ्या सर्व मंडळींना माझी मागणी आहे. नियमपत्रिकेतली ती ओळ खोडा. त्याऐवजी लिहा: कागद कोणताही चालेल, परंतु कोणता वापरला आणि तो का निवडला हे मुलाने दोन ओळींत सांगावे. ज्याला जपानी हातकागद परवडतो त्याने तो आणावा, त्याचेही कौतुक होऊ द्या. ज्याच्याकडे पुडीचा कागद आहे त्याने तो आणावा. आणि परीक्षकांच्या टेबलावर एक दिवा ठेवा. आकृती उजेडाकडे धरायचीच असेल, तर मुलाला विचारण्यासाठी धरा: इथं काय झालं होतं?

आश्विन लागला तेव्हा मी पुन्हा वर गेलो आणि म्हटले, "यंदा माझ्या कंदिलाला कागद लावायला माझे हात थरथरतात, तू लाव." कामट्या मी दिल्या, गुंडाळी मी दिली. दोन दिवसांनी तो कंदील घेऊन खाली आला. चारी बाजूंना सपाट कागद लावायचे सोडून त्याने प्रत्येक बाजूला घड्यांची एकेक चांदणी घातली होती. एका चांदणीत दोन पांढऱ्या रेषा जास्तीच्या होत्या. मी त्यांवर बोट ठेवले, तो हसला आणि सांगू लागला. कंदील आमच्या दारावर लागलेला आहे. त्या परीक्षकबाईंना मी फराळाला बोलावले आहे. त्यांनी दिवे लागल्यावर यावे, एवढी एकच अट घातली आहे.